मागच्या सीटवरची उशी

गारगोटी रस्त्यावरच्या त्या मिस्त्रीला एका जागी उभं राहवत नाही. बोलता बोलता दिसेल त्या गाडीचं बॉनेट दाबतो, ती किती उसळते बघतो, पुढं सरकतो. मलाही घाई होती. जीपला डोंगरात टिकतील असे कडक, स्प्रिंग बसवलेले कॉइलओव्हर शॉकअप हवे होते.

"मागं कोण बसतंय?"

"कुणी नाही."

त्यानं मागच्या सीटवरची उशी उचलली. "मग ही कुणाची?"

"आईची. कमरेला लावायची."

त्यानं उशी झटकून जागेवर ठेवली आणि माझ्यासाठी काढलेला शॉकअपचा खोका परत फळीवर चढवला. "उद्या आईस्नी घिऊन या की पावणं. त्या बसल्यावर गाडी किती दबतीया बघू, मग ठरवू."

मी मान डोलावली. धक्के सोसेनात म्हणून आईनं माझ्या जीपमध्ये बसणं केव्हाच सोडलंय, हे मला सांगता आलं नाही.