भूतानचं वर्ष

प्रसन्न देवतळे मूळचा नागपूरचा, आता अमेरिकेतल्या अर्विंगचा. बारा वर्षं तो ग्रीन कार्डच्या रांगेत उभा होता. ती रांग जन्माच्या देशावरून लागते, त्यामुळे आपला नंबर कधी लागणार हे त्यालाच काय, ब्रह्मदेवालाही ठाऊक नव्हतं. मत द्यायचा हक्क नाही, पण राजकारणाची हौस दांडगी. ती भागवायला दक्षिण आशियाई नागरिक संघ होता. सहा देशांच्या लोकांनी एकत्र येऊन शहराच्या निवडणुकीतल्या उमेदवारांना मंचावर बोलवायचं आणि प्रश्न विचारायचे, हे संघाचं काम. अध्यक्षपद दर वर्षी इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने एकेका देशाकडे. आपल्या लोकांचं आपसात पटत नाही, निदान एबीसीडीशी तरी पटवून घ्यावं, एवढाच त्यातला शहाणपणा.

गेल्या वर्षी बांगलादेश झाला. यंदा भूतान आणि पुढच्या वर्षी भारत.

भूतान म्हणजे मणिराम दहाल. वय त्र्याहत्तर. नेपाळी बोलणारी ही माणसं पस्तीसेक वर्षांपूर्वी भूतानमधून हाकलली गेली, नेपाळमधल्या निर्वासित छावणीत अठरा-वीस वर्षं काढून इथे आली. दहालकाकांनी गोदामात पेट्या उचलून मुलं मोठी केली. संघाच्या बैठकीला सगळ्यांत आधी येऊन खुर्च्या मांडणारे तेच.

मोठी निवडणूक यंदा होती. पुढचं वर्ष कोरडं. प्रसन्न संघाचा सेक्रेटरी आणि भारताचा प्रतिनिधीही. नियम सुधारायचं काम त्याच्याकडे आलं, आणि एका दुपारी त्याने एक्सेलमध्ये नेपाळ आणि भूतान या दोन ओळी मर्ज करून टाकल्या.

"लँग्वेज सेम, सण सेम, आणि भूतानची घरं मोजून नऊ," त्याने बायकोला समजावलं.

"मग यंदा कोण?" राधिकाने विचारलं.

"इंडिया."

"म्हणजे तू."

"ते यार ऑटोमॅटिक येतं."

राधिका हसून कामाला लागली. चोराच्या मनात चांदणं. त्यालाच ते टोचलं.

नवे नियम अकरा पानी, इंग्रजीत. त्याने ते ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, हरकत नसेल तर अंगठा टाका. कोणी वाचले नाहीत, सगळ्यांनी अंगठे टाकले. दहालकाकांना इंग्रजी वाचता येत नसे. एरवी असं काही आलं की प्रसन्न त्यांना फोन करून हिंदीत समजावून सांगायचा. या वेळी त्याने फोन केला नाही. त्यांचाही अंगठा आला, सोबत नमस्कार.

उमेदवारांच्या सभेला दहालकाका टोपी आणि नवा कोट घालून आले. नऊही घरं मागोमाग आली. काकांनी मंचावरच्या पाट्या पाहिल्या. मधल्या, अध्यक्षाच्या खुर्चीपुढे भारत. भूतानची वेगळी पाटी कुठेच नाही. नेपाळच्या पाटीवर जोडून लिहिलेलं.

"प्रसन्नजी, काही बदललं का?"

"मी मेसेज केला होता ना, अंकल. तुम्ही अप्रूव्ह केलंत."

"हो. केलं खरं," ते म्हणाले. भाषणाचा कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि आपल्या माणसांत जाऊन बसले.

प्रसन्नला टाळ्या भरपूर मिळाल्या, पण घरी आल्यावर त्याने ती एक्सेलची यादी पुन्हा उघडली. ज्याला रांगेत उभं राहणं म्हणजे काय हे पक्कं ठाऊक, त्याने दुसऱ्याला रांगेतून उचलून बाहेर ठेवलं होतं. केसाने गळा कापला होता, तोही अंकल म्हणून. त्याला स्वतःची लाज वाटली.

रविवारी तो त्यांच्या अपार्टमेंटमध्ये गेला. "अंकल, मी मुद्दाम केलं. मला यंदा अध्यक्ष व्हायचं होतं. मी राजीनामा देतो, उरलेलं वर्ष तुम्ही घ्या."

"नको," दहालकाका म्हणाले. "तुम्ही दिलंत तर ती मेहेरबानी होईल. मला मेहेरबानी नको, माझा नंबर होता. यादी तेवढी पहिल्यासारखी करा."

यादी पहिल्यासारखी केली तरी भूतानचं वर्ष आता पाच वर्षांनी येणार होतं. प्रसन्नने मनात हिशेब केला आणि मान खाली घातली.

"आमच्या गावात शिरगणतीला एक कारकून आला होता," काका शांतपणे म्हणाले. "ओळखीचा, चांगला माणूस. आमची नावं त्याने दुसऱ्या रकान्यात घातली, आणि आम्ही परदेशी झालो. नंतर तो घरी आला. खूप रडला."

"मग?"

"मग काय? आईने त्याला चहा दिला."

आतून काकू चहा घेऊन आल्या. दहालकाकांनी कप उचलून प्रसन्नच्या हातात दिला. "घ्या," ते म्हणाले, आणि प्रसन्नला तो प्यावा लागला.