भेटीच्या वेळेआधीचं सक्शन

मॉनिटरवर ऑक्सिजन ब्याण्णव, मग शहाऐंशी. हृदयाचे ठोके नव्वदवरून अडतीसवर आले. निवृत्तीअप्पांच्या ट्यूबमध्ये माझाच कॅथेटर होता.

कलबुर्गीच्या एका खाजगी हॉस्पिटलात मी आयसीयूचा ब्रदर, म्हणजे नर्स. अप्पा हुलसूरचे, न्यूमोनियामुळे व्हेंटिलेटरवर. श्वासनळीत ट्यूब असली की पेशंटला नीट खोकता येत नाही. साठलेला कफ आम्ही बारीक नळीने, म्हणजे कॅथेटरने, ओढून काढतो. ते सक्शन.

आमच्याकडे एक सवय पडली होती. पाचला नातेवाईक आत येत. कफाची घरघर ऐकली की गावाकडची माणसं शेवट जवळ आला समजून रडू लागत. म्हणून पाचच्या आधी सगळ्यांचं सक्शन उरकायचं, कफ असो-नसो. नव्या स्टाफला हे मीच शिकवलं होतं.

त्या दिवशी अप्पांची छाती स्वच्छ होती. तरी केलं. आधी शंभर टक्के ऑक्सिजन द्यायचा असतो, तो दिला नाही. कॅथेटर मागे घेतानाच सक्शन चालू करायचं असतं, तेही दहा-पंधरा सेकंदांत. मी घाईत आत अडेपर्यंत ढकलला आणि सक्शन चालूच ठेवलं.

कॅथेटर काढला, ऑक्सिजन पूर्ण केला, हाक मारली. डॉक्टरमॅडम धावत आल्या.

"काय केलंत?"

"सक्शन."

"कफ होता?"

"नव्हता."

त्यांनी ठोके वाढवायचं इंजेक्शन भरायला लावलं. भरेपर्यंत ठोके आपोआप साठ झाले, मग ऐंशी; ते द्यावं लागलं नाही.

दाराशी अप्पांची बायको शांतक्का उभी होती. "अण्णा, कामून उशीर करायलाव? आत काय व्हायलंय?"

मॅडमना विचारून मीच सांगितलं. "अक्का, माझ्या हातून चूक झाली. ठोके लई कमी झालते. आता ठीक हायत. घरघर ऐकून तुमी रडताव म्हणून..."

ती माझ्याकडे बघत राहिली. "रडले असते की. मी रडल्यानं त्यांचा जीव जात न्हाई."

सहाव्या दिवशी ट्यूब निघाली. घोगऱ्या आवाजात अप्पा म्हणाले, "नळीवाले तुमीच व्हय? जरा लांबच थांबा."

शांतक्का हसली. मलाही हसू आलं, मग डोळे पुसावे लागले.

आता सक्शन घड्याळ बघून नाही, छाती ऐकून करतो. घरघर म्हणजे काय, हे भेटीला आलेल्यांना दारातच सांगतो. दोन मिनिटं लागतात.