भावोजींच्या दुर्बिणीतली अक्का

आमच्या भावोजींसारखा अंतराचं वेड लागलेला माणूस अख्ख्या हुबळी-धारवाडात सापडायचा नाही. केशवापूरच्या गच्चीवरून ते समोरची पाण्याची टाकी किती लांब आहे ते सांगतील, आणि पंगतीत चटणी मागण्याआधी ती हाताला येते का हे डोळ्यांनी मोजून घेतील. नेमबाजांच्या रायफलींच्या दुर्बिणी जुळवून देणं हा त्यांचा छंद. दुर्बिणीच्या काचेवर बारीक खुणा असतात. ठाऊक असलेल्या उंचीची वस्तू किती खुणांत मावते त्यावरून तिचं अंतर कळतं. पण आधी त्या खुणा तपासाव्या लागतात. त्यासाठी लोक फळी उभी करतात, भावोजी माझ्या बहिणीला उभी करतात. "फळी पावसात फुगते रे. तुझी अक्का पक्की पाच फूट. लग्न झाल्यावर मीच चौकटीला लावून मोजलीय." दुर्बीण मात्र रायफलवरून काढून तिवईवर ठेवणार. "बायकोकडं रिकामी बंदूकसुद्धा रोखायची न्हाई!"

परवा नेमबाज भाचीच्या निवडचाचणीच्या आदल्या दिवशी आम्ही तारिहाळपलीकडच्या माळावर गेलो. चाचणीत अंतर स्वतः ओळखून नेम धरायचा होता. खुणा चुकल्या तर पोरीची सगळी मेहनत पाण्यात. टेपने शंभर मीटर मोजून बऱ्याच वर्षांनी अक्काला उभी केली. भावोजींनी डोळा लावला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. अक्का होती त्याहून लांब दिसत होती. टेप पुन्हा धरला, तरी तेच.

"नेट्टग निल्ल गं, सरळ उभी राहा!" भावोजी ओरडले.

"सरळच उभी हाय री!" तिकडून अक्का.

भाची नखं खात होती, ऊन उतरत होतं. शेवटी अक्का खुणांत बसावी म्हणून भावोजींनी दुर्बिणीची चित्र लहान-मोठं करणारी कडी फिरवायला हात घातला, तेव्हा मी मध्ये पडलो.

"भावोजी, दुर्बिणीला हात लावू नका. आधी अक्काला मोजा."

ते माझ्यावर खेकसणार होते, पण टेप घेऊन गेले. मीही मागोमाग गेलो. माप घेतल्यावर भावोजींनी टेप पुन्हा लावून पाहिला. अक्का वयाने चांगली तीन इंच उतरली होती. रोज डोळ्यांसमोर असून आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"काय झालं?" अक्काने विचारलं.

"काय न्हाई. चौकटीला लावलं तेव्हा टाचा उचलल्या होत्यास, लबाड!"

नव्या मापाने खुणा बिनचूक जुळल्या आणि भाचीची निवडही झाली. अक्काकडे पेढे खायला गेलो तेव्हा पाहिलं, स्वयंपाकघरातले वरच्या फळीवरचे सगळे डबे एक फळी खाली आले होते. कोणी हलवले, हे अक्काला अजून ठाऊक नाही.