झाकलेला खण

डॅफ्नी नुंगराईचं निम्मं आयुष्य आदिवासी वस्तीच्या दुकानाला लागून असलेल्या त्या बारक्या खोलीत गेलं. लाल मातीच्या मुलखातली माणसं जे गात, सांगत, ओरडत, ते सगळं तिच्या संगणकात साठलेलं. तिने एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारी आज्ञावली, लिहिली होती. ती दिवसभर एका मोठ्या फोल्डरवर नजर ठेवून असे. आत कुठेही एखादी फाइल आली, हलली, बदलली, की खांबावरच्या भोंग्यातून ती वाजू लागे.

"तुझ्या त्या भुताने माझं घोरणंसुद्धा वाजवलं," जांगाला नावाचा भावाचा मेहुणा एकदा कुरकुरला.

"मग माइकसमोर झोपलास कशाला?"

"बायको म्हणाली, आज पहिल्यांदाच तुझं बोलणं पटलं."

त्या फोल्डरात सगळ्यात जास्त आवाज होता तो तिच्या भावाचा. फुटबॉलच्या सामन्यांचं वर्णन तो त्याच खोलीत बसून करायचा.

वस्तीत कुणी गेलं की घरचे हो म्हणेपर्यंत त्याचं नाव घ्यायचं नाही, चेहरा दाखवायचा नाही, आवाज ऐकवायचा नाही. अशा माणसाच्या फाइली डॅफ्नी संगणकातल्याच एका वेगळ्या, झाकलेल्या खणात सरकवून ठेवी. तो खण तिने मोठ्या फोल्डरच्या पोटातच केला होता. बाहेर का नाही, असं संगणक शिकवायला आलेल्या शहरातल्या शिक्षकाने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आपल्या लोकांपासून तोडून कुठे ठेवू? झाकून ठेवीन, पण आपल्यांतच." सरकवण्याआधी ती न चुकता स्क्रिप्ट थांबवायची. हाताला सवयच होती. ती कुणाला सांगायची वेळ कधी आली नाही.

मग शहरातल्या इस्पितळात तिचा भाऊ गेला.

कोरड्या ओढ्यापलीकडे दुखवट्याचा तळ पडला. बायकांनी अंगाला पांढरी माती फासली. आईचं बोलणं बंद झालं. आता कितीतरी महिने ती हातांनीच बोलणार होती. भाऊ जिथे बसायचा त्या खोलीत शुद्धीचा धूर फिरेपर्यंत बहिणीने पाऊल टाकायचं नव्हतं.

एका दुपारी डॅफ्नीच्या ध्यानात आलं, त्याचा आवाज अजून कुणी झाकलेला नाही. तिने जांगालाला खोलीकडे पाठवलं. तिथे फर्गस नावाचा नवा गोरा माणूस काम बघत होता. "त्याला म्हणावं, सगळं झाकलेल्या खणात सरकव," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

थोड्या वेळाने भोंगा खरखरला.

"घेतला! उंच घेतला, पोरांनो, पळा आता, पळा..."

आईचे हात हवेत थांबले.

"बंद कर गं ते!" आत्या किंचाळली.

"मला आत जाता येत नाही, आत्या."

"मग इथून कर!"

"इथून होत नाही."

जांगाला धापा टाकत आला. "तो रडकुंडीला आलाय. म्हणतो, मी लपवतोय आणि हे वाजतंय! जेवढं सरकवलं तेवढं सगळं रांगेत लागलंय."

डॅफ्नीला कळलं. स्क्रिप्टला काय ठाऊक, कोण आणून ठेवतंय आणि कोण झाकतंय? तिला फक्त हललेलं दिसतं.

"वायर काढ म्हणावं."

"काढली. खालच्या बॅटरीवर चालूच आहे, आणि भोंग्याची तार भिंतीत बुजवलेली. स्क्रिप्ट थांबवायला गेला, तर तुझा पासवर्ड मागते. सांग, पळत जातो."

डॅफ्नीने वाळूत बोट टेकवलं. मग उचललं. पासवर्ड म्हणजे भावाचं नाव होतं. ते बोलायचं नव्हतं, वाळूत लिहायचंही नव्हतं. आई हाताच्या अंतरावर बसलेली.

जांगाला तिच्याकडे बघत राहिला. पासवर्ड काय असेल, हे त्याच्या ध्यानात आलं. "राहू दे," तो म्हणाला. "नको सांगूस." तो परत निघाला, पण आता पळत नव्हता.

आत्याने आक्रोश सुरू केला. रडण्याची ती वेळ नव्हती, तरी तिने केला, आणि एकेक बाई तिच्यात मिसळत गेली, मोठ्याने, अजून मोठ्याने, त्याचा आवाज बुडावा म्हणून. डॅफ्नीही घसा फाडून ओरडली. पण श्वास घ्यायला सगळ्या एकदम थांबल्या, की मधल्या फटीतून तो यायचा, हसत, कुणाला तरी शाबासकी देत.

आईचे हात पुन्हा हलू लागले होते. ते काय म्हणत होते, हे बघायला डॅफ्नीने मान वळवली नाही.