मामा, डावीकडे घ्या!

खेकडे पकडणारं एक जोडपं हातातला दोर टाकून जिवाच्या आकांताने होडी वल्हवत पळत होतं, आणि आमच्या बोटीवरची मुलं त्यांना हात हलवून बाय करत होती.

मी कोलकात्यातल्या एका पर्यावरण संस्थेत काम करते. नागपूरच्या कॉलेजच्या झूलॉजीच्या मुलांना सुंदरबन दाखवायची जबाबदारी माझी होती. नाव स्टडी टूर, आणि बोटीच्या छतावर वरातीत शोभेल असा साउंड बॉक्स! गाणी मी चढल्या चढल्या बंद करायला लावली. माईक तेवढा राहिला. गाइडचं ऐकू यायला हवं, असं टूर ऑपरेटरचा मॅनेजर तपनदा म्हणाला.

पाण्यावर वाघाचं नाव घ्यायचं नाही, इथल्या लोकांना चालत नाही, असं मी मुलांना बजावलं होतं. त्यांनी ते पाळलंही. पण साहिलला डाव्या काठावर मगर दिसली आणि त्याने माईक उचलला. "मामा, ओ मामा, डावीकडे घ्या ना! मामा!"

हाक बोट चालवणाऱ्या निमाईदांना होती. आपल्याकडे कंडक्टर मामा, शिपाईही मामा. मी वाढले कोलकात्याजवळ बराकपूरला, तिथे सगळे दादा, म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही. सुंदरबनात मामा म्हणजे वाघ. खरं नाव टाळायचं, म्हणून लोकांनी हे ठेवलंय. आणि ते जोडपं डाव्या काठालाच होतं.

मी हे सांगितलं तसा साहिलने माईक खाली ठेवला. तपनदा घड्याळ बघत होता. वॉच टॉवर बंद होईल म्हणाला. "कुणाला काही झालं नाही ना? मग चला."

"त्यांचा दोर पाण्यात आहे," मी म्हटलं. खेकड्यांसाठी लांब दोराला आमिषं बांधून तो खाडीत आडवा सोडतात. भरती चढली की तो झाडांच्या मुळांत गुंतून तुटतो. मग घरात चूल कशावर पेटणार? "बोट वळवा. नाहीतर पुढचा ग्रुप दुसऱ्या ऑपरेटरकडे जाईल."

तपनदाने तोंड उघडायच्या आत निमाईदांनी सुकाणू फिरवलं.

होडी गाठली. साहिलने माफी मागितली. बाईने हातातलं वल्हं सोडलं नव्हतं. "तुझा मामा बोट चालवतो," ती बंगालीत म्हणाली. "आमचा मामा माणसं उचलतो. माझ्या दिराला नेलंय त्याने."

मी शब्दन् शब्द मराठीत सांगितला. सौम्य केला नाही.

काठाकडे परत जायला दोघं तयार होईनात. शेवटी निमाईदांनी आमची बोट काठ आणि होडीच्या मधे उभी केली. दोर पूर्ण वर येईपर्यंत ती तिथून हलली नाही. एका जागी तो अडकला, नवऱ्याने वल्ह्याने सोडवला. अख्खा हाती आला. खेकडे बरेचसे निसटले होते. टॉवर हुकला.

तपनदाने माझ्या बॉसकडे तक्रार केली. निदान विचारायचं तरी, बॉस म्हणाले. विचारत बसले असते तर दोर गेला असता, मी सांगितलं. आणि माईक असलेली बोट यापुढे घ्यायची नाही, हेही तिथेच ठरवून घेतलं.

आता प्रत्येक टूरला गाइड बोलायला लागला की मुलं उठून त्याच्याजवळ जाऊन बसतात. सगळं ऐकू येतं.