काचेतला सस्तन प्राणी

पद्माकर टेंब्यांना समुद्रावर संशोधन करायचं होतं आणि नशिबाने त्यांना नेऊन बसवलं गुडगावात, जिथून समुद्र गाठायला रेल्वेने एक अख्खा दिवस लागतो. कोल्हापुरात प्राणिशास्त्र शिकत असताना वडील गेले, मिळेल ती नोकरी धरली, बदल्या होत होत दिल्ली आली. परदेशी कंपन्यांची हवा सुरू झाली तेव्हा त्यांनी जुनी नोकरी सोडून गुडगावातल्या एका जर्मन कंपनीत ॲडमिनचं काम घेतलं. गाझियाबादला, वैशालीत फ्लॅट घेतला. घरात ते आणि आई. लग्न राहून गेलं. का, असं कुणी विचारलं की ते आईच्या दम्याचं कारण सांगत.

कंपनीची नवी इमारत झाली तेव्हा मोठ्या साहेबाने हौसेने लॉबीत खाऱ्या पाण्याची भिंतभर टाकी बसवून घेतली. आत प्रवाळ, मासे, खेकडे, समुद्रफुलं. बाहेर मोहरीची शेतं, अर्धवट उभे टॉवर, दिवसातून कितीदा तरी जाणारी वीज. टाकीची देखभाल ॲडमिनकडे, म्हणजे टेंब्यांकडे आली. वीज गेली की इतर लोक पंख्याकडे बघत, टेंबे जनरेटरकडे धावत. पाण्यात मिसळायचं परदेशी मीठ संपत आलं की ते बेचैन होत. तरुणपणी जे हातातून सुटलं होतं, ते असं उतरत्या वयात काचेआड भेटलं होतं.

शालिनी कारखानीस ट्रेनिंग विभागात होत्या. मूळच्या पुण्याच्या, घटस्फोट झालेला, दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात सरकारी नोकरीतल्या भावाकडे राहायच्या. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्या टाकीपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "अहो टेंबे, तुमचं हे लाल पिसांचं फूल काय गोड आहे!"

"ते फूल नाही. किडा आहे. गांडुळाचं लांबचं भावंड."

"ईऽ! थापा मारू नका."

टेंब्यांनी काचेजवळ हात हलवला. सावली पडताच ते फूल सर्रकन आपल्या नळीत शिरलं. शालिनी टाळ्या पिटून हसल्या. त्या दिवसापासून खेळ सुरू झाला.

खेळ साधा होता. एकाने टाकीतला एक प्राणी मनात धरायचा, दुसऱ्याने प्रश्न विचारत ओळखायचा. पण थेट नाव घ्यायची मुभा नाही. आधी प्राण्याचा संघ ठरवायचा, मग वर्ग, मग पुढचं. शालिनी कॉमर्सच्या, तरी महिन्याभरात तयार झाल्या.

"कणा आहे?"

"नाही."

"पायांना सांधे?"

"आहेत."

"म्हणजे संधिपाद. अंगावर कवच?"

"पुढे स्वतःचं. मागे नाही."

"मागचं दुसऱ्याचं ढापलेलं! शंखातला खेकडा!"

"बिल्कुल!" टेंबे म्हणत. त्यांचा दिवस मग चांगला जाई. घरी आईला सांगत, "आज कारखानीसांनी तारामासा मासा नाही हे आपलं आपण ओळखलं." आई भाजी निवडत ऐकून घेई आणि गालात हसे. आपला मुलगा जेवताना इतका बोलतो, हे तिला नवीन होतं.

दीड-दोन वर्षं असं चाललं. डबे टाकीसमोरच्या सोफ्यावर उघडले जायचे. शालिनींच्या डब्यातली अळूवडी टेंब्यांना, टेंब्यांच्या आईची लसणाची चटणी शालिनींना. ऑफिसातली पंजाबी मंडळी डोळे मिचकावत. टेंब्यांना ते दिसतच नव्हतं.

मग डिसेंबरातली ती दुपार आली. धुक्याने बाहेरचं काही दिसत नव्हतं आणि लॉबीतले दिवे लागले होते. प्राणी धरायची पाळी शालिनींची होती. त्या बराच वेळ टाकीकडे बघत राहिल्या.

"धरलाय," त्या म्हणाल्या.

"कणा?"

"आहे. जरा जास्तच ताठ आहे."

"म्हणजे मासा."

"मासा नाही."

टेंबे गोंधळले. "या टाकीत कणा असलेले फक्त मासेच आहेत."

"विचारा तर खरं पुढे."

"सरपटणारा? पक्षी?"

"सस्तन."

"अहो, टाकीत सस्तन प्राणी कुठला?"

"मला तर दिसतोय. रोज दिसतो." त्या काचेवरून नजर न काढता म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा नव्हता.

टेंब्यांना आवाज ऐकू आला नाही, नियम मोडलेला तेवढा दिसला. "टाकीतलाच प्राणी धरायचा, असं ठरलंय ना आपलं? ही चक्क फसवणूक झाली. तुम्ही हरलात."

शालिनींनी डबा जवळ ओढला. मग डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "अच्छा. हरले. चलो, मीटिंग आहे मला."

संध्याकाळी टेंबे चार्टर्ड बसने घरी निघाले. धौला कुआंपाशी बस अडकली. बाहेर अंधारून आलं होतं. आपण जिंकलो याचं समाधान अजून मनात होतं. खिडकीकडे वळले तर काचेत त्यांचाच चेहरा, चष्म्यासकट, त्यांच्याकडे बघत होता. टेंबे ताठ झाले. टाकीच्या काचेतही तेव्हा तेच दिसत असणार. शालिनींनी टेंब्यांनाच मनात धरलं होतं आणि त्यांनी ती फसवणूक ठरवली होती.

उद्या सकाळीच बोलायचं, असं त्यांनी ठरवलं. सकाळी त्या टेबलाशी दिसल्या. टेंबे गेले आणि म्हणाले, "तुमच्या खुर्चीचं चाक बदलायचं होतं ना? माणूस पाठवतो." त्याच्यापुढे जीभ रेटेना. आई आजारी, आपण पंचेचाळिशीला आलेले, लोक काय म्हणतील. एकेक कारण पुढे येत गेलं. शालिनी सुट्टीत खाली येईनाशा झाल्या. काम फार आहे, म्हणायच्या.

संक्रांतीला दिल्लीच्या मराठी मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला निघाली. दर वर्षी मराठी मंडळी तिथे जाऊन डोकं टेकवत. या वेळी टेंबे मुद्दाम गेले, कारण शालिनी भावाबरोबर येणार होत्या. स्मारकापाशी फुलं वाहून झाली आणि त्या तिळगुळाची पुडी घेऊन आल्या.

"घ्या. गोड बोला."

"मला तुमच्याशी जरा..." टेंब्यांनी सुरुवात केली.

"मलाही सांगायचंय. पुण्याच्या ऑफिसात जागा निघाली. मीच मागून घेतली. पुढच्या महिन्यात जाते."

टेंब्यांचा तिळगूळ हातातच राहिला. "का?" एवढं विचारायला हवं होतं. ते म्हणाले, "अभिनंदन. पुण्याची हवा चांगली."

शालिनींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला काही सांगायचं होतं?"

"तसं काही नाही. टाकीत नवीन झिंगा आणलाय."

"बरं," त्या म्हणाल्या आणि भावाकडे गेल्या.

पुण्यात दोन वर्षांनी त्यांनी एका विधुर प्राध्यापकाशी लग्न केलं. पत्रिका वैशालीच्या पत्त्यावर आली. आईने ती वाचली, पाण्याचा घोट घेतला, आणि टेंब्यांना जवळ बसवलं.

"ही तीच ना रे, अळूवडीवाली?"

"हो."

"मग तू कधी विचारलं नाहीस तिला?"

"तुझी तब्येत होती आई. शिवाय ती घटस्फोटित, तुला चाललं असतं का..."

आईला धाप लागली होती, तरी ती थांबत थांबत बोलली. "मी तिच्यासाठी चटणी वेगळी बांधून देत होते पद्मा. रोज. तुला ती जास्त का होते, असं कधी वाटलं नाही?"

टेंब्यांनी पत्रिका आईच्या हातातून घेतली आणि आहेर काय पाठवावा, हे विचारायला लागले.