पासवर्ड कोणाकडे?

मित्रांनो, सीसीटीव्ही बसवणाऱ्या आम्हा मंडळींसाठी आज दादरला मोफत प्रशिक्षण होतं, धंदा वाढवायचं. मोफत म्हटल्यावरच मला शंका आली होती.

प्रशिक्षक म्हणाले, "मुख्य पासवर्ड गिऱ्हाइकाला देऊच नका. मग ते जातंय कुठे?" सगळे हसले.

मी उठलो. "साहेब, तुमच्या घरी कॅमेरे कोणी लावले?"

"आमच्याच माणसाने."

"मग तुमचा पासवर्ड त्याच्याकडे असेल."

साहेबांनी गुपचूप मोबाइल काढला.

संध्याकाळी फणसवाडीत एका काकूंकडे कॅमेरे लावले. पासवर्ड त्यांनाच टाकायला सांगून मी पाठ फिरवली.

"पाठ का फिरवतोस रे? काय लपवतोयस?"

काकूंचं काय चुकलं? आमच्या धंद्याने संशय कमावलाच आहे.

तुमच्या घरचा पासवर्ड कोणी टाकलाय?